बुडालेल्या संघांचा हिशेब



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तह यांचीच अपेक्षा धरून माणसे व्याख्यानाला येतात. आजच्या विषयातही राज्ये आहेत आणि तह आहेत. पण ती राज्ये खेळाच्या मैदानावरची असून बहुतेक सगळी बुडालेली आहेत. पैसे घेऊन खेळणारे, म्हणजे धंदेवाईक संघ आणि त्यांच्या लीग कशा उभ्या राहतात, कशा मोडतात, आणि मोडल्यावर खेळाडूंच्या पदरात काय उरते, एवढाच माझा विषय आहे. उदाहरणे मुख्यतः बास्केटबॉलची घेणार आहे. कारण या खेळाइतके मोडके संघ दुसऱ्या कोणत्याही खेळाने क्वचितच मागे ठेवले असतील.

हा विषय मजूर चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. पुलगावची कापडगिरणी बंद पडली, नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली. गिरणी बंद पडली की बाहेरचा माणूस भोंगा आणि धुराडे यांच्या आठवणी काढतो. युनियनचा माणूस मात्र हजेरीपट मागतो. पटावर नावे किती होती, त्यांची देणी कोणती आणि ती कोणी बुडवली, हे तो विचारतो. जिंकलेल्या संघांच्या बखरी लिहिणारे पुष्कळ आहेत. बुडालेल्या संघांचा हजेरीपट मात्र कोणी मागत नाही. तो आज आपण मागून पाहू.

प्रथम घरचे उदाहरण घेऊ. २०१५ साली आपल्या देशात 'युनायटेड बास्केटबॉल अलायन्स' नावाची धंदेवाईक लीग निघाली. प्रवर्तक अमेरिकन होते. आठ संघ होते, आणि त्यांत महाराष्ट्राचे दोन : मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज. त्याच वर्षी पंजाबातला सतनाम सिंग भामरा हा उंचापुरा मुलगा अमेरिकेतल्या एनबीए या सर्वांत मोठ्या लीगच्या निवडीत डॅलसच्या संघाने उचलला. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. त्यामुळे या खेळात आता पैसा येणार, अशी हवा निर्माण झाली. २०१७ पर्यंत लीगचे चार हंगाम झाले, दूरचित्रवाणीवर सामने दिसले, आणि मग सगळे शांत झाले. बाळाजी विश्वनाथाला १७१३ साली पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. म्हणजे तिला बुडायला शंभरावर वर्षे लागली. या दुसऱ्या पेशवाईने ते काम दोन वर्षांत उरकले!

हसण्यावारी नेण्यासारखी मात्र ही गोष्ट नाही. त्या संघांतून खेळलेले बहुतेक तरुण कुठे रेल्वेत, कुठे पोलिसांत, कुठे बँकेत नोकरीला होते, किंवा तशा नोकरीच्या शोधात होते. लीग चालू असताना हातात पैसा आला. ती थांबल्यावर नोकरीवाला आपल्या टेबलावर परतला. ज्याला नोकरी नव्हती, त्याच्या हाती गणवेश राहिला. देशाच्या बास्केटबॉल महासंघाने तर त्याआधीच, २०१० साली, आयएमजी-रिलायन्सबरोबर तीस वर्षांचा करार केला होता. त्या करारातून जी मोठी लीग उभी राहायची होती, ती पुढच्या दहा वर्षांत उभी राहिली नाही. २०२२ साली महासंघाच्या छत्राखाली शहरांच्या नावाचे सहा संघ घेऊन नवी लीग सुरू झाली. तिच्यात मुंबईचा संघ होता, पुण्याचा नव्हता.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळाडूंचे हौशी आणि धंदेवाईक असे दोन वर्ग पुस्तकात सांगतात. आपल्याकडे तिसरा वर्ग फार जुना आहे, तो म्हणजे नोकरीतला खेळाडू. तो कागदावर कारकून, तिकीट तपासनीस किंवा फिटर असतो. पण त्याला ती जागा मिळते खेळामुळे. मुंबईतले नागपाडा घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी तेथे १९२७ साली 'नेबरहुड हाउस' काढले. गोदी, गिरण्या आणि कारखाने यांच्या आधाराने राहणाऱ्या त्या दाट वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की, क्रिकेटने वेडावलेल्या मुंबईत तो एकच मोहल्ला वेगळा वेडा राहिला. याच मॅन्शार्टसाहेबांच्या हाताखाली १९३६ साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था तेथे सुरू झाली, हेही जाता जाता सांगतो. नागपाड्याने देशाला कर्णधार दिला : अब्बास मूंतासिर, १९७० सालचे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. अशा वस्तीतल्या मुलाला चेंडू नीट टाकता आला तर रेल्वेत, कस्टम्समध्ये किंवा एखाद्या कंपनीत चिकटता येई. टोपलीत पडलेला चेंडू घरातल्या चुलीपर्यंत पोचण्याची ती वाट होती.

हीच रीत इतर खेळांत होती. मफतलालच्या संघात एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड खेळले. सुनील गावसकर निरलॉनच्या नोकरीत होते. कचेऱ्या-कचेऱ्यांच्या टाइम्स शील्ड स्पर्धेत हे मोठमोठे खेळाडू कंपनीचे नोकर म्हणून उतरत. कबड्डीत गिरण्यांचे संघ होते. या रीतीत मालकाचा स्वार्थ होता, हे मी नाकारत नाही. वर्तमानपत्रात नाव फुकट छापून येते आणि कामगार टाळ्या वाजवण्यात रमतो, हे मालक ओळखून होते. पण त्यात खेळाडूचाही एक पक्का फायदा होता. गुडघा गेला तरी मस्टरवरचे नाव जात नव्हते. प्रॉव्हिडंट फंड कापला जाई, ग्रॅच्युइटी साठे. खेळ संपला तरी पगार संपत नसे.

मग ही रीत मोडली कशी? पहिला घाव गिरण्यांवर पडला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्याच एकेक करून गेल्या. जेथे साचे राहिले नाहीत, तेथे संघ कोठून राहणार? दुसरा घाव अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण तो तोट्यातल्या गिरणीने घातला नाही. महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ साली निघाला. पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने त्याने २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक जिंकला आणि २००५–०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगही जिंकली. २०१० साली कंपनीने तो बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे सांगितले. कंपनी बुडाली नव्हती. तिच्या मोटारी आणि ट्रॅक्टर जोरात खपत होते. देशाचे विजेतेपद मिळवलेला संघ एका निर्णयाने संपला. मोठा कारखाना बंद करायचा तर कायद्याने सरकारची परवानगी लागते. संघ बंद करायला एक पत्रक पुरते.

त्यानंतर काळ आला तो शहरांच्या नावाच्या, पण कोणाच्या तरी मालकीच्या संघांचा. एकट्या पुण्याचे फुटबॉल पाहा. पुणे एफसी २०१५ साली थांबला. भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ साली गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांच्या आत एका शहराचे चार संघ! हॉकीत २००५ ते २००८ चालेल्या प्रीमियर लीगमध्ये 'मराठा वॉरियर्स' होते. २०१२ सालच्या जागतिक मालिकेत पुण्याचा संघ मुंबईतल्या अंतिम सामन्यापर्यंत पोचून शेर-ए-पंजाबकडून हरला. आणि ती मालिका त्या एका हंगामानंतर भरली नाही. क्रिकेटमध्ये २००७ साली निघालेल्या इंडियन क्रिकेट लीगमध्ये 'मुंबई चॅम्प्स' होते. क्रिकेट मंडळाने त्या लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, २००८ साली स्वतःची आयपीएल काढली, आणि २००९ साली परत आलेल्यांना माफी दिली. माफी! जणू काम बदलणे हा अपराध होता. आपल्या गिरणीतला विणकर शेजारच्या गिरणीत दोन पैसे जास्त मिळतात म्हणून गेला, तर त्याला कोणी माफीचा अर्ज लिहायला लावील काय?

ही वाट आपण आज चालतो आहोत. अमेरिकेने ती आपल्याआधी पाऊणशे वर्षे चालून पाहिली आहे. म्हणून थोडे तिकडे जाऊ.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगून शोधला. १८९८ साली पहिली धंदेवाईक लीग निघाली आणि पाच-सहा वर्षांत बुडाली. पुढे लीग निघाव्यात आणि मोडाव्यात हा क्रमच झाला. त्यांतली आपल्याला जवळची लीग १९३७ साली निघाली, कारण ती कारखान्यांनी काढली होती. फायरस्टोन आणि गुडइयर या ॲक्रन गावच्या टायर कंपन्या, आणि फोर्ट वेनची जनरल इलेक्ट्रिक, यांनी 'नॅशनल बास्केटबॉल लीग' उभी केली. पहिल्या तीन वर्षांत विजेतेपद ॲक्रनबाहेर गेले नाही : पहिल्या वर्षी गुडइयर, पुढची दोन वर्षे फायरस्टोन.

याच ॲक्रन गावी १९३६ च्या जानेवारीत फायरस्टोनच्या कामगारांनी यंत्रे बंद करून कारखान्यातच बैठक मारली होती, आणि फेब्रुवारीत गुडइयरचा संप झाला होता. संपाचे वर्ष १९३६ आणि लीगचे वर्ष १९३७. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. पण ज्या छपराखाली संपाची बैठक बसली त्याच कंपन्यांच्या नावाच्या बंड्या घालून माणसे खेळली, हे खेळाच्या इतिहासात वाचायला मिळत नाही. ते मजुरांच्या इतिहासात शोधावे लागते.

या लीगमधला एक संघ मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो एकच हंगाम जगला. १९४२–४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, शिकागोला स्टुडबेकर मोटार कंपनीच्या कारखान्यात युद्धसामग्री तयार होत होती. तेथे कामाला असलेल्या खेळाडूंचा संघ लीगमध्ये उतरला, आणि त्याला पाठबळ होते 'युनायटेड ऑटो वर्कर्स' या मोटार कामगारांच्या युनियनचे. त्या संघात गोरे आणि काळे खेळाडू एकत्र खेळले. काळे खेळाडू पूर्वी हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रसिद्ध संघात खेळलेले होते. ज्या देशात तेव्हा सैन्याच्या तुकड्याही रंगावरून वेगळ्या ठेवल्या जात होत्या, तेथे एका कारखान्याच्या संघाने हे करून दाखवले. सामने त्यांनी जिंकले त्यापेक्षा हरले जास्त, आणि हंगाम संपताच संघ मोडला. एनबीएमध्ये काळ्या खेळाडूंना जागा मिळायला १९५० साल उजाडावे लागले. हरलेला आणि मोडलेला संघसुद्धा काही मिळवून जातो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

पुढे १९४६ साली मोठ्या शहरांतल्या क्रीडागृहांच्या मालकांनी आपली वेगळी लीग काढली, आणि १९४९ साली दोन्ही लीग एकत्र होऊन एनबीए झाली. पहिल्या वर्षी सतरा संघ होते. पाच वर्षांनी आठ उरले. गेले कोण? शेबॉयगन, वॉटर्लू, अँडरसन. शेबॉयगनची वस्ती तेव्हा बेचाळीस हजारांच्या आसपास होती. आपल्या वर्ध्यापेक्षाही लहान गाव. पण तेथला संघ देशातल्या मोठ्या शहरांशी झुंजत असे. तो खेळात कमी पडला म्हणून गेला नाही. तिकिटाच्या खिडकीवर कमी पडला. कारखान्याच्या हातून खेळ क्रीडागृहाच्या हाती गेला, तेव्हाच लहान गावाचा निकाल लागला.

आता हिशेबाकडे येतो. १९५४ साली बॉब कूझी या खेळाडूने एनबीएच्या खेळाडूंची युनियन सुरू केली. मालक तिला दाद देत नव्हते. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टनला निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता, आणि तो दूरचित्रवाणीवर देशभर दिसायचा होता. सामन्याची वेळ झाली आणि खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येईनात. निवृत्तिवेतनाचे वचन द्या, मग खेळतो, असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. लीगच्या प्रमुखाने वचन दिले, आणि खेळ सुरू झाला. काही मिनिटांचा हा संप! आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला होता. गिरणीतल्या माणसाला जे त्या काळी सुचले, ते जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या नामांकित खेळाडूंना दार लावून मागावे लागले.

१९६७ साली 'अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन', म्हणजे एबीए, ही प्रतिस्पर्धी लीग निघाली. लाल, पांढरा आणि निळा असा तिरंगी चेंडू आणि लांबून टाकलेल्या टोपलीला तीन गुण, ही तिची ओळख. दोन मालक झाले की मजुरी वाढते, हा बाजाराचा नियम. खेळाडूंचे पगार चढले. लगेच दोन्ही लीगच्या मालकांत विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली. तेव्हा १९७० साली युनियनचा अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याने कोर्टात दावा लावला : या दोघांना एक होऊ देऊ नका, एकच मालक उरला तर आमच्या श्रमाला भाव उरणार नाही. सहा वर्षे हे विलीनीकरण अडून राहिले. १९७६ साली तडजोड होऊन खेळाडूला संघ बदलण्याची वाट मोकळी होऊ लागली, आणि त्यानंतरच एबीएचे चार संघ एनबीएत घेतले गेले.

बाकीच्यांचे काय झाले? केंटकीच्या संघाच्या मालकाने तीस लाख डॉलर घेऊन संघ मोडला. सेंट लुईसच्या संघाचे मालक ओझी आणि डॅनियल सिल्ना हे भाऊ कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या धंद्यातले होते. त्यांनी थोडी रोख रक्कम घेतली आणि वर एक कलम लिहून घेतले : आत गेलेल्या चारही संघांना दूरचित्रवाणीचे जे उत्पन्न मिळेल, त्याचा सातवा हिस्सा आम्हाला, लीग चालू असेतोपर्यंत. तेव्हा ते उत्पन्न किरकोळ होते. पुढे ते डोंगराएवढे झाले. संघ नाही, खेळाडू नाहीत, एक सामनाही नाही. आणि दोघा भावांना वर्षानुवर्षे पैसा पोचत राहिला. शेवटी २०१४ साली एनबीएने त्या हक्काचा मोठा भाग सोडवून घेण्यासाठी त्यांना पन्नास कोटी डॉलर दिले.

आणि खेळाडू? एबीएत अंग झिजवलेले कित्येक जण म्हातारपणी औषधपाण्याला महाग झाले. काही जण वाट पाहता पाहता गेले. २०२२ साली, म्हणजे लीग संपल्यावर सेहेचाळीस वर्षांनी, हयात असलेल्या सुमारे ११५ जणांसाठी मिळून दोन कोटी पंचेचाळीस लाख डॉलर मंजूर झाले. एका बाजूला दोघांना पन्नास कोटी, दुसऱ्या बाजूला ११५ जणांना अडीच कोटींहून कमी. एकच बुडालेली लीग. पण मालक बुडाला नाही, मजूर बुडाला. कारण मालकाने निघताना कागद लिहून घेतला होता, आणि खेळाडूच्या हाती निघताना कागद नव्हता.

माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. संघ बंद पडणे टळणार नाही. कारखाने बंद पडतात, वर्तमानपत्रे बंद पडतात, नाटक कंपन्या बंद पडतात. खेळाचे संघही पडतील. बंद पडण्याच्या दिवशी कोणाच्या हाती कोणता कागद आहे, त्यावर न्याय ठरतो. कंपनीच्या नोकरीतल्या खेळाडूजवळ नेमणुकीचे पत्र होते. लीगच्या खेळाडूजवळ हंगामापुरता करार असतो. अमेरिकेतल्या खेळाडूंनी या फरकाचे उत्तर युनियन काढून दिले. आपल्या फुटबॉलपटूंनी २००६ साली आपली संघटना काढली, ही चांगली गोष्ट. क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळात मात्र २०१९ साली जी संघटना आली, ती निवृत्त झालेल्यांची. काम करून थकलेल्यांची युनियन असावी आणि काम करणाऱ्यांची नसावी, ही रीत कोणत्याही गिरणीत चालली नसती.

सिंदी मेघेत बसून या गोष्टींचा आपल्याला काय उपयोग, असे मनात येईल. उपयोग आहे. वर्ध्या-नागपुराकडची मुले आज कबड्डीत, खो-खोत, बास्केटबॉलमध्ये पुढे येत आहेत, आणि उद्या एखाद्या नव्या लीगचा माणूस कोरा करार घेऊन आपल्यापैकी कोणाच्या दारात उभा राहणार आहे. त्याला हाकलून देऊ नका. मुलाच्या गळ्यात हारही लगेच घालू नका. त्याला चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. हंगाम मध्येच थांबला तर ठरलेले पैसे कोण देणार, आणि ती रक्कम आधी कोठे ठेवली आहे? मुलाचा हात-पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, आणि किती दिवस? तुमचा संघ बंद पडला तर माझा मुलगा दुसऱ्या दिवशी दुसरीकडे खेळायला मोकळा आहे की नाही? तिन्ही उत्तरे कागदावर लिहून मागा. जो लिहून देईल त्याच्या संघात मुलाला आनंदाने पाठवा. जो फक्त हसेल, त्याच्या संघाचे नाव बुडालेल्यांच्या यादीत आजच लिहून ठेवायला हरकत नाही.